भाडेकरूंचा राजवाडा

भुसावळहून सुटलेली गाडी अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत समुद्राच्या दिशेनं उतरते. डब्यात अहिराणी कानावर पडत राहते, कारण लिंबायत, डिंडोली, उधना या सुरतेच्या वस्त्यांमध्ये खानदेशातली कितीतरी गावं नांदतात. तुमचे शेजारी उधन्याला उतरतील. तुम्ही सुरत स्टेशनपर्यंत बसून राहा आणि बाहेर येऊन कतारगाम दरवाजाची रिक्षा करा. हा सगळा हिऱ्यांचा मुलूख आहे. कारखान्यांच्या खोल्यांमध्ये एकेका चाकाभोवती माणसं मान खाली घालून पैलू पाडत बसलेली असतात. जगातल्या दर दहा पैलूदार हिऱ्यांमधले नऊ या शहराच्या हातून जातात, असं सांगतात.

या गजबजाटातच एक फाटक लागतं आणि शेजारी पुरातत्त्व खात्याचा फलक. हे इंग्रजांचं जुनं कब्रस्तान. नाव ऐकून तुम्ही क्रूस आणि आडव्या शिळा शोधत आत जाल, आणि दोन पावलांतच थांबाल. समोर घुमट आहेत, कमानी आहेत, जाडजूड खांब आहेत, वर जाणारे जिने आहेत. सगळ्यांत मोठ्या इमारतीला दोन मजले आहेत, घुमटावर घुमट चढवला आहे आणि त्याभोवती फिरायला सज्जा आहे. उंची सुमारे ४० फूट, व्यास २५ फूट. एखाद्या उमरावाच्या बागेतला महालच म्हणा ना. आत दोन भाऊ आहेत. धाकटा ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये गेला, तेव्हा त्याच्यावर एक बेताचा घुमट उभा राहिला. थोरला सर जॉर्ज १६६९ च्या जुलैत गेला. त्याच्यासाठी बांधताना धाकट्याच्या घुमटाला हात न लावता तो पोटात घेऊन बाहेरून हा डोलारा उभारला.

जिन्यावर जरा टेका आणि त्या सालांकडे पुन्हा बघा. युरोपात हा बरोक शैलीचा भरातला काळ. फ्रान्सचा चौदावा लुई वडिलांच्या शिकारखान्याभोवती व्हर्सायचा राजवाडा वाढवत होता. १६८२ मध्ये त्यानं दरबार तिथं हलवला आणि दोन वर्षांत आरसेमहाल पुरा झाला. बरोक राजवाडा बघणाऱ्याला दिपवण्यासाठीच रचलेला असतो. दुतर्फा झाडांचा लांबच लांब रस्ता, कारंजी, मग पायऱ्या, मग दालनामागून दालन. राजा नजरेस पडण्याआधीच माणूस मनातून वाकलेला असतो. त्या झगमगाटात आपल्याकडचा ऐवजही होता. सुरतेला वरचेवर येणारा फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए यानं गोवळकोंड्याच्या मुलखातला एक मोठा निळा हिरा १६६८ च्या सुमारास लुईला विकला आणि राजानं १६७३ मध्ये तो नव्यानं पैलू पाडून घेतला.

ऑक्झेंडन बंधू मात्र राजे नव्हते, राजाचे सरदारही नव्हते. ते एका व्यापारी कंपनीचे पगारी नोकर होते. कापड, नीळ आणि मिरी यांचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी हा राजवाडा कशाला? माझ्या मते या इमारती शोकापोटी थोड्या आणि राजकारणापोटी जास्त उभ्या राहिल्या. ते पटायचं तर इथल्या उन्हात उभं राहून भागणार नाही. मागं जावं लागेल.

पहिला मुक्काम ६ जानेवारी १६६४. सकाळचे अकरा वाजले आहेत आणि तुम्ही इंग्रजांच्या वखारीच्या गच्चीवर आहात. खाली शहर रिकामं होत चाललंय. ज्यांना होडी मिळाली ते तापीपार गेले, ज्यांना नाही मिळाली ते डोक्यावर बोचकी घेऊन मिळेल त्या वाटेनं निघाले. शहराला अजून विटांचा तट नाही, मातीची भिंत आहे, तीही जागोजाग ढासळलेली. पूर्वेला बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत एक तंबू उभा राहिलाय. शिवाजी महाराज आले आहेत. शाहिस्ताखान तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून बसला होता, मुलूख उजाड झाला होता, खजिना आटला होता. त्याची भरपाई बादशाहीच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करायची, असा हा हिशेब आहे. सुरतेचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात शिरून दरवाजे लावून बसलाय. शहर वाऱ्यावर आहे.

मराठी माणसाला हे चार दिवस महाराजांच्या बाजूनं पाठ असतात. आज ते या गच्चीवरून पाहा. शेजारी हाजी सय्यद बेग या व्यापाऱ्याचा वाडा आहे, तिथली कुलपं तुटताहेत. थोडं पलीकडे विरजी व्होरा यांचा वाडा. इंग्रज कंपनीची नड असायची तेव्हा ती याच सावकाराकडून व्याजानं पैसा उचलायची. धूर तिकडूनही उठतोय. ज्यांची घरं जळताहेत त्यांनी महाराजांचं काही वाईट केलेलं नव्हतं, त्यांचा बादशहा आणि त्यांचा सुभेदार त्यांना राखायला उभा राहिला नव्हता, एवढंच. महाराजांविषयीचा आदर जराही कमी न करता हे दुःख मनात धरता येतं, धरायला हवं.

पण तुम्हांला इथं आणलंय ते ढोलासाठी. ऐकू येतोय? खालच्या रस्त्यावरून जॉर्ज ऑक्झेंडन चाललाय. हाताशी मूठभर शिपाई, पुढं ढोल आणि तुताऱ्या, सुवाळी बंदरातल्या जहाजांवरून उतरवून आणलेल्या माणसांची रांग. गरज नसताना तो भर शहरातून मिरवणूक काढतोय, आम्ही वखार सोडणार नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. किल्ल्यात दडलेल्या इनायतखानालाही ते ऐकू जावं. वखार वाचली. वलंदेजांची, म्हणजे डचांचीही वाचली. १० तारखेला महाराज निघून गेले, आणि पुढं औरंगजेबानं सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षाची जकात माफ केली. इंग्रज आणि वलंदेज यांना तर शौर्याबद्दल कायमची सवलत मिळाली. ऑक्झेंडनला त्या दिवशी उमगलं ते त्याच्या मागून आलेल्या कुणीच विसरलं नाही. या शहरात माणूस किती मोठा आहे यापेक्षा किती मोठा दिसतो याला किंमत आहे.

आता दहा वर्षं पुढं या, १६७४ च्या आगेमागे. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर सध्या सुरतेत आहे आणि जे पाहील ते लिहून ठेवतोय. त्याच्या मागोमाग वखारीत शिरा. दगड आणि सागवान यांची भक्कम इमारत, खाली कोठारं, कापडाच्या गाठी, दलालांची ये-जा, वर राहायच्या खोल्या. जेवणाच्या वेळी सगळ्यांनी एका लांब टेबलाशी हुद्द्याप्रमाणे बसायचं. आणि ही इमारत इंग्रजांची नाही. बादशहानं दिलेल्या घरात ते भाड्यानं राहतात. पुढं १६८९ मध्ये इंग्लंडहून निघालेला पाद्री ओव्हिंग्टन भाड्याचा आकडाही देतो, सालीना ६० पौंड, आणि त्यातला बराचसा दुरुस्तीतच वळता होतो. सुरतेत पन्नासाहून अधिक वर्षं काढलेली ही बलाढ्य कंपनी या शहरात भाडेकरू आहे.

तेवढ्यात बाहेर कर्णे वाजतात. प्रेसिडेंटची, म्हणजे वखारीच्या मुख्य अधिकाऱ्याची, स्वारी निघते आहे. रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून उभे राहा, म्हणजे नीट दिसेल. पुढं निशाण, मागं शिपाई, मग जीन चढवलेला रिकामा शोभेचा घोडा, मग भोयांच्या खांद्यावर पालखी. पालखीशेजारी एकजण शहामृगाच्या पिसांचा मोरचेल धरून उन्हाची तिरीप अडवतोय. एवढा लवाजमा असताना साधं छत्र का नाही? फ्रायरनं कारण नोंदवून ठेवलंय. मोगलाईत छत्राचा मान एकट्या बादशहाचा. मोठ्यातल्या मोठ्या उमरावानंही मोरचेलावर भागवायचं. मग या टोपीकरांनी काय करायचं? जिवंतपणी घर परक्याचं, आणि डोक्यावर छत्र धरायची मुभा नाही.

शहराबाहेरच्या कब्रस्तानात मात्र ही अडचण नाही. तिथं घुमट किती उंच न्यावा याला कुणाची आडकाठी नाही. गुजरातच्या सुलतानांच्या, पिरांच्या, सरदारांच्या कबरी या मुलखानं पाहिलेल्या. घुमट दिसला की खाली कुणी थोर निजलाय, हे इथं मुलालाही कळतं. इंग्रजांनी तोच उचलला. लंडनच्या गिरिजाघरात शोभेल असा पुतळा त्यांनी घडवून घेतला नाही, सुरतेच्या गवंड्यांकडून सुरतेच्या लोकांना वाचता येईल अशी इमारत बांधून घेतली. लेख तेवढा लॅटिन ठेवला. तो वाचणारे शहरात मोजकेच, पण घुमट सगळ्यांनाच वाचता येत होता.

मुंबईहून आला असाल तर इथं आणखी एका माणसाची आठवण ठेवा. जेराल्ड ऑन्जियर. मुंबई बेट कंपनीकडं आल्यावर तिथला पहिला गव्हर्नर याच जॉर्ज ऑक्झेंडनला नेमलं होतं, आणि त्याच्या मागून आलेल्या ऑन्जियरनं त्या दलदलीच्या बेटांवर शहर वसवायला घेतलं. १६७७ च्या जूनअखेर तो सुरतेत वारला आणि या मातीत गेला. मुंबई घडवणारा माणूस कतारगाम दरवाजाशी निजलाय, हे मुंबईत फारसं कुणाच्या गावी नसतं.

इंग्रज आणि वलंदेज यांच्यात कबरींचीही चढाओढ होती, आणि तिला एक हसरी बाजूही होती. ओव्हिंग्टन सांगतो, एका रंगेल वलंदेजाच्या कबरीच्या माथ्यावर पंच पिण्याचे तीन भलेमोठे कटोरे बसवलेले होते. मागं राहिलेल्या दोस्तांनी तिथं जमावं, प्यावं, त्याला आठवावं अशी त्याची इच्छा. दोस्त यायचे आणि आठवण काढता काढता त्यांना स्वतःचंही भान उरायचं नाही. दूरदेशी मरणं किती सोपं होतं, हे यातूनही कळतं. ताप, जुलाब, पहिला पावसाळा. एका जहाजातून आलेल्यांपैकी किती परत जातील हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्या कटोऱ्यांभोवती बसलेल्या प्रत्येकाला शेजारची रिकामी जागा दिसत असणार.

आता आपला खरा मुक्काम. १६९२, जानेवारीची तीन तारीख. हिवाळ्यातली कोवळी सकाळ, तापीवरून गार वारा येतोय. इंग्रजांनी पाच वर्षांपूर्वी आपलं मुख्य ठाणं मुंबईला नेलं, तरी सुरतेचा धक्का गजबजलेलाच आहे. हजला निघालेले यात्रेकरू मुघल सराईत उतरलेत, अर्मेनियन सौदागर हुंड्या वटवताहेत, फरासिसांची, म्हणजे फ्रेंचांची वखारही सुरू होऊन चोवीस वर्षं झालीत. अंगरख्यावर शाल नीट ओढून घ्या आणि वलंदेजांच्या वखारीपासून निघालेल्या गर्दीत मिसळा. शेजारी बऱ्हाणपुराकडून कापसाच्या गाड्या घेऊन आलेला एक गाडीवान आहे. तुमच्या बोलण्यावरून त्यानं तुम्हांला ओळखलंय.

"कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" तो विचारतो.

तुम्ही पुढं बोट दाखवता. काळ्या कापडानं झाकलेली शवपेटी खांद्यांवर आहे, पुढं खाली टोक केलेली निशाणं, संथ ताल धरलेले ढोल. किल्ल्याशी नदीत उभ्या गलबतांवरून तोफा सुटतात. गाडीवानाचे बैल बिथरतात, तो त्यांच्या पाठीवर हात फिरवत पुटपुटतो, "राजा व्हई कोन्ही."

राजा नव्हे. पेटीत आहे हेन्ड्रिक आड्रियान व्हान रेडे. वलंदेज कंपनीनं १६८४ मध्ये त्याला पूर्वेकडच्या ठाण्यांवर सर्वाधिकारी तपासनीस म्हणून धाडला. केप, सिलोन, बंगाल, कोरोमंडल, मलबार, जिथं जिथं कंपनीचे नोकर स्वतःची तुंबडी भरत होते तिथं जाऊन हिशेब तपासायचे, चोर पकडायचे, खर्च आवरायचा. सात वर्षं तो हेच करत फिरला. मलबारहून सुरतेला येताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच त्याचा अंत झाला. ज्या वखारीची दप्तरं तो उघडणार होता तिच्याच लोकांनी आज त्याला खांदा दिलाय, आणि थोड्याच काळात त्याच्यावर ते जे बांधतील त्यापुढं इंग्रजांची ऑक्झेंडन कबर लहान वाटेल. लोकांमध्ये तेव्हापासून हेच सांगितलं जातं, की वलंदेजांनी ती इंग्रजांवर मात करायलाच बांधली.

ते बांधकाम बघायला काही महिने इथंच रेंगाळू या. इंग्रजांच्या कब्रस्तानापासून जवळच, गुलामफळियाच्या बाजूला, मैदानात चुन्याची घाणी फिरतेय. बैल गोल चालतोय, दगडी चाक चरातून घरंगळतंय आणि खाली कळीचा चुना आणि वाळू एकजीव होताहेत. एक बाई हंड्यातून हिरडा भिजवलेलं पाणी ओतते, दुसरी गुळाचं. बोटांत चिमूटभर घेऊन बघा, लोण्यासारखा लागला की तो चढवायचा. भिंतीवर थर बसला की खरं काम सुरू होतं. गवंडी गुळगुळीत गोट्यानं तो घोटत राहतो, हलक्या हातानं, तासन् तास, पाणी सुटून वर चमक येईपर्यंत. पाय दुखले तर बसा, पण नजर हलवू नका. या घोटाईतच सगळं आहे. संगमरवर आणायला मकराणा दूर आहे आणि कंपनीचे मालक काटकसरी आहेत. उन्हात संगमरवराचा भास होईल असा चुना घोटणारे हात मात्र सुरतेत आहेत. व्हर्सायलाही शिल्पकार आणि रंगारी जे करत होते ते याहून फार वेगळं नव्हतं. डोळ्यांना वैभव दिसलं पाहिजे, ते कशाचं बनलंय याची चौकशी नंतर.

वर घुमट चढतोय. विटांचं एकेक कडं आतल्या बाजूला किंचित झुकवत नेलंय, प्रत्येक कडं पुरं झालं की ते स्वतःलाच तोलून धरतं. आठ बाजूंचं दालन, त्याभोवती खांबांची ओसरी, तिच्यावर दुसरी ओसरी, मग दुहेरी घुमट. खिडक्यांना सुतारांनी सागवानी नक्षी बसवलीय, जाळी इतकी नाजूक की आतला माणूस बाहेरचं पाहील, बाहेरच्याला आतलं दिसणार नाही. आत भिंतींवर चित्रं रंगवलीत, घराण्यांच्या ढाली काढल्यात, बायबलातली वचनं लिहिलीत. अंगण आखलंय, झाडं लावलीत. राजवाड्याला जे जे लागतं ते सगळं आहे. पुढं हीच इमारत डागडुजीलाच इतका पैसा खाऊ लागली की एकदा वलंदेज कंपनीला नुसत्या दुरुस्तीचं ६००० रुपयांचं बिल लागलं. उधळपट्टी रोखायला निघालेल्या माणसाच्या कबरीवर.

त्याला हे आवडलं असतं का, हा प्रश्न तिथं उभं राहिल्यावर सुचतोच. उत्तराचा एक धागा आपल्या घरातून जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हान रेडे मलबारचा कमांडर असताना, १६७० ते ७७ या काळात, कोचीला त्यानं एक वेगळाच कारभार चालवला. किनाऱ्यावरची आणि रानातली झाडं, वेली, गवतं गोळा करायची, त्यांची चित्रं काढायची, नावं आणि औषधी गुण लिहून घ्यायचे. ते सांगणारे लोक त्यानं स्थानिकच निवडले. इट्टी अच्युतन हे पिढीजात मल्याळी वैद्य. आणि त्यांच्याबरोबर तिघं कोकणी ब्राह्मण वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या कोकणी समाजातली ही माणसं. या तिघांनी आपण सांगितलेलं सारं खरं आहे अशी ग्वाही २० एप्रिल १६७५ रोजी स्वतःच्या हातानं लिहून दिली, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला, तेव्हा ती ग्वाही जशीच्या तशी ताम्रपटावर कोरून त्यात घातली. नागरी अक्षरं छापून बाहेर पडली त्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक, आणि ती आपल्या कोकणपट्टीच्या बोलीत आहे. १६९३ पर्यंत बारा खंड निघाले, ७४२ वनस्पती. शेवटचे छापून झाले तेव्हा त्यांचा कर्ता इथं चुन्याखाली निजला होता.

पहिल्या खंडाचं मुखचित्र अगदी बरोक आहे. बागेतल्या मांडवाखाली एक राणीसारखी स्त्री बसलीय आणि तिच्यापुढं मुलं गुडघे टेकून रोपांच्या कुंड्या धरताहेत. राजवाडा आणि त्याची बाग तिथं कागदावर उभी आहे. मला विचाराल तर व्हान रेडेचा खरा महाल तोच. त्यात आंबा, फणस, नारळ, पिंपळ यांना मानाची जागा आहे, चित्रांसोबत नावं मल्याळी आणि नागरी अक्षरांतही आहेत, आणि माहिती कुणाकडून मिळाली ते नाव घेऊन सांगितलंय. त्या काळच्या कितीतरी युरोपीय ग्रंथांनी ते करायचं टाळलं.

पण कबरींच्या चढाओढीचं पुढं काय झालं? झरकन पुढं या. तापीचं मुख गाळानं भरत जातं, मोठी जहाजं मुंबई जवळ करतात, मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि चौथाईचे करार येतात, मोगली सत्ता किल्ल्यापुरती उरते. आणि १७५९ मध्ये इंग्रज तो किल्लाही घेतात, बादशहाचे किल्लेदार म्हणून. १८०० मध्ये सगळं शहर त्यांच्या ताब्यात जातं. नव्वद वर्षं घुमट जे सांगत होता ते खरं होऊन बसतं. १८२४ च्या तहानंतर वलंदेज सुरत सोडून जातात आणि त्यांचा सर्वांत देखणा वाडा मागं राहतो, त्यांना ना परत नेता येतो, ना कुणाला भाड्यानं देता येतो. रंगवलेल्या भिंती, ढाली, वचनं, सागवानी नक्षी, सगळं हळूहळू गळून जातं. उरतं ते सुरती गवंड्यांचं, विटा आणि चुना.

तर आता आजच्या दिवसात या. व्हान रेडेच्या कबरीकडे जाताना अर्मेनियनांच्या कबरी बघायला विसरू नका, त्यांच्या लिपीतल्या शिळा जमिनीसरशी आडव्या आहेत, घुमटाचा सोस त्यांनी केला नाही. वलंदेजांच्या दारातून आत गेलात की आधी ओसरीची एक फेरी घ्या, खांबाच्या बुडाशी जिथं थर निघालाय तिथं चुन्याचे पदर मोजा, हात लावू नका. वरचा जिना बंद असेल तर हट्ट धरू नका, या इमारतींना माणसांचं ओझं नको झालंय. त्यांची निगा आणखी कसून व्हायला हवी असं मला फार वाटतं. परक्या व्यापाऱ्यांचं स्मारक म्हणून नव्हे, तर सुरतेच्या कामगारांचं सतराव्या शतकातलं इतकं मोठं काम शहरात दुसरं फारसं शिल्लक नाही म्हणून.

मग मधल्या दालनात जा, घुमटाखाली नीट उभे राहा आणि चार नावं मोठ्यानं घ्या, इट्टी अच्युतन, रंग भट, विनायक पंडित, आपु भट. रखवालदार पाहायला आला आणि हे कोण म्हणून त्यानं विचारलं, तर त्याला शेजारी बसवून सांगा, आत निजलेल्या साहेबाचं नाव झाडापाल्याच्या ज्या ग्रंथामुळं जगात राहिलं, त्या ग्रंथातली झाडं यांनी ओळखून दिली.